चिंता आणि मुदत

सिंगापूरच्या बालेस्टियर रस्त्यावरून जालान अम्पास नावाच्या आखूड गल्लीत वळले, म्हणजे उंच सदनिकांच्या पायथ्याशी बंद फाटकामागे उभी असलेली जी उपेक्षित वास्तू दृष्टीस पडते, ती एके काळी मलय चित्रसृष्टीची राजधानी होती, हे कोणी सांगितल्यावाचून वाटसरूच्या ध्यानीही यावयाचे नाही. शॉ बंधूंच्या ‘मलय फिल्म प्रॉडक्शन्स’ने १९४७ साली येथे कारखाना उघडला आणि १९६७ साली तो बंद केला. या वीस वर्षांत ज्या एका माणसाने मलय भाषकांच्या तीन पिढ्यांच्या अंतःकरणात कायमचे घर केले, तो पी. रामली हा पेनांगचा तरुण, १९४८ साली पार्श्वगायक म्हणून येथे दाखल झाला आणि पाहता पाहता नट, गायक, संगीतकार व दिग्दर्शक अशा चारही नात्यांनी या गल्लीचा सर्वाधिकारी झाला.

ज्या चित्रपटातून रामली प्रथम पडद्यावर आला, त्याचे नाव होते ‘चिंता’. हे नाव वाचून मराठी वाचकाच्या मनात जो अर्थ उभा राहील, तो मलय प्रेक्षकाच्या मनात मुळीच नव्हता; कारण संस्कृतातील हा शब्द समुद्र ओलांडून मलय मुलखात गेला, तेव्हा वाटेत त्याचा अर्थ पालटून ‘प्रेम’ असा झाला. शब्दांच्या प्रवासाची याहून हृद्य कथा मला ठाऊक नाही. या चित्रपटाचे दिग्दर्शक बी. एस. राजहंस हे भारतातून आलेले होते. त्यांचे आडनाव ऐकताच आपल्याला नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, आठवावेत हे स्वाभाविक आहे. दोघांत नाते जोडण्याचा माझा हेतू नाही. परंतु ज्या १९६७ साली जालान अम्पासचे दिवे मालवले, त्याच साली बालगंधर्वही निवर्तले, हे लक्षात आल्यावर माझे मन बराच वेळ त्या एका सालापाशी घुटमळत राहिले. सैगल यांच्या ‘स्ट्रीट सिंगर’चे दिग्दर्शक फणी मजुमदार हेही कलकत्ता-मुंबई असा प्रवास करून पुढे येथे आले आणि १९५६ साली त्यांनी ‘हांग तुआ’ हा रंगीत चित्रपट दिग्दर्शित केला. रामलीची जुनी गाणी ऐकताना, भाषेचे अक्षरही कळत नसता, आपल्या कानास जी ओळख पटल्यासारखी वाटते, तिचे एक कारण या येण्याजाण्यात आहे.

अशा आठवणींचे जतन या शहरात विशेष अवघड का व्हावे, याचा विचार करताना मला वारंवार ‘मुदत’ या दप्तरी शब्दापाशी यावे लागते. येथील बहुसंख्य लोक ज्या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या सदनिकांत राहतात, त्यांचा पट्टा ९९ वर्षांचा असतो. दफनभूमीतील जागेस १९९८ पासून १५ वर्षांची मर्यादा घालण्यात आली असून, ती भरताच अवशेष बाहेर काढून, ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे, त्यांचे दहन किंवा पुनर्दफन करण्यात येते. मोटारीचा परवाना तर अवघा १० वर्षांचा. १९९० सालच्या मे महिन्यापासून नवी मोटार रस्त्यावर आणू इच्छिणाऱ्यास आधी लिलावात हा परवाना मिळवावा लागतो, आणि २०२३ साली लहान मोटारींसाठीही त्याचा भाव १ लाख सिंगापुरी डॉलरच्या वर गेला होता. मुदतीपूर्वी मोटारीची नोंदणी रद्द केल्यास कराचा काही अंश परत मिळतो, सबब पुष्कळ मालक चांगली चालती गाडीही दहा वर्षांच्या आत मोडीत अथवा परदेशी रवाना करतात. जागेची टंचाई असलेल्या बेटावर हा बंदोबस्त अपरिहार्य आहे, हे मी मान्य करतो. तथापि ज्या गाडीतून बाप लेकराला शाळेत सोडतो, ती लेकरू मोठे होण्याआधीच नाहीशी व्हावी, ही हानी कोणत्याही जमाखर्चात दाखल होत नाही.

जुन्या मोटारींसाठी सरकारने एक खिडकी मात्र उघडी ठेवली आहे. किमान ३५ वर्षे वयाच्या गाडीस ‘क्लासिक’ म्हणून निराळी नोंद मिळू शकते आणि वर्षातील ठरावीक दिवसच ती रस्त्यावर काढण्याची मुभा असते. आपल्याकडेही मुदतीचा हिशेब सुटलेला नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी, मुंबईच्या टॅक्सीसाठी असलेली २० वर्षांची वयोमर्यादा गाठून, ३० ऑक्टोबर २०२३ रोजी त्या शहराच्या सेवेतून निवृत्त झाली. त्या दिवशी सिंगापुरात बसून मी जितका हळवा झालो, तितका पुण्यात असतो तर झालो असतो की नाही, याची मला शंका आहे.

या हळवेपणाचा शास्त्रीय इतिहास मोठा उद्बोधक आहे. १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात, घरापासून दूर गेलेल्या स्विस माणसांना जडणाऱ्या व्याधीस ग्रीक भाषेतील ‘परतणे’ आणि ‘वेदना’ या दोन शब्दांचा संधी करून ‘नॉस्टॅल्जिया’ असे नाव दिले. युरोपने त्या शब्दात वेदना पाहिली. मराठीने ‘स्मरणरंजन’ असा शब्द घडविला आणि त्यात रंजन पाहिले. दोन्ही अर्ध्या सत्याच्या गोष्टी आहेत, आणि दोहोंची सांगड घालावयाची तर मलय माणसाची ‘चिंता’च उसनी घ्यावी लागेल.

१९८९ साली हॉलब्रुक आणि शिंडलर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १०८ श्रोत्यांना निरनिराळ्या काळांतील २८ गाण्यांचे अंश ऐकविले, तेव्हा श्रोता सुमारे २४ वर्षांचा असताना जी गाणी लोकप्रिय होती, ती त्यास सर्वाधिक आवडतात असे त्यांना आढळून आले. पुढे २००३ मध्ये त्यांनी मोटारींचाही असाच अभ्यास केला आणि पुरुषांमध्ये तारुण्यातल्या गाड्यांकडे तसाच ओढा दिसला. याचा अर्थ असा, की ज्यास आपण संगीताचे किंवा चित्रपटाचे सुवर्णयुग म्हणतो, ते पुष्कळदा आपल्याच पंचविशीचे दुसरे नाव असते. हा निष्कर्ष मी मोठ्या कष्टाने स्वीकारला. मात्र चीनमध्ये केलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने मला दिलासा दिला. त्याच्या एका भागात खेड्यांतून शहरात आलेल्या मुलांचा अभ्यास होता. एकाकीपणाने माणसास आपल्याला कोणाचा आधार नाही असे वाटू लागते. परंतु तोच एकाकीपणा गतस्मृतींना जाग आणतो आणि त्या स्मृतींमुळे आधाराची जाणीव पुन्हा वाढते, असे त्यात दिसून आले. स्थलांतरितांच्या मुलांनी स्वतःवर नकळत केलेला हा औषधोपचारच म्हणावयाचा.

औषध मिळण्याची ठिकाणे मात्र कमी होत चालली आहेत. जुन्या तबकड्या, रेडिओ, घड्याळे जेथे पदपथावर मांडून विकीत, तो सिंगापूरच्या सुंगेई रोडचा बाजार १० जुलै २०१७ रोजी कायमचा उठला. बी. एन. राव यांच्या ‘पोंतियानाक’ या १९५७ सालच्या गाजलेल्या भयपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तो काढणाऱ्या कॅथे-केरिस या चित्रसंस्थेचे उरलेले मलय चित्रपट एशियन फिल्म आर्काइव्हने सांभाळले आणि २०१४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक स्मृतिसूचीत त्यांची नोंद झाली, हे कार्य कृतज्ञतेने सांगावयास हवे. ज्या कॅथे चित्रपटगृहात २१ ऑक्टोबर १९४३ रोजी नेताजींनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली आणि सावंतवाडी संस्थानातील तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले ज्या सरकारात मंत्री झाले, त्या चित्रपटगृहाचाही आज केवळ दर्शनी भागच तेवढा जुना उरला आहे.

आमच्या इमारतीच्या वाहनतळात एक मॉरिस मायनर उभी असते. तिचे मालक वृद्ध मलय गृहस्थ असून आम्ही सारे त्यांना पाकचिक, म्हणजे काका, म्हणतो. परवानगीचे दिवस ते ईदसाठी आणि नातवंडांसाठी राखून ठेवतात. इतर दिवशी संध्याकाळी नुसतेच गाडीत जाऊन बसतात आणि रामलीची कॅसेट लावतात. गेल्या दिवाळीत फराळाचे ताट देण्यास गेलो असता त्यांनी शेजारचे दार उघडून मला आत बसविले. उन्हाने तापलेल्या जुन्या रेक्झिनचा तो वास नाकाशी येताच सांगलीच्या घरासमोर उभी असलेली वडिलांची फियाट, तिच्या पाठच्या आसनावरचा आईचा पानाचा डबा आणि घाटात गाडी तापली की बाटलीने पाणी ओतणारे वडील, हे सर्व एका क्षणात माझ्यापुढे उभे राहिले. गाणे संपल्यावर, ‘चिंता’ हा शब्द तुमच्या भाषेतही आहे काय, असे पाकचिकांनी विचारले. आहे, मी म्हणालो, आणि आमच्याकडे त्याचा अर्थ काळजी असा होतो, हेही सांगितले. त्यांनी चकलीचा तुकडा मोडला, बराच वेळ समोरच्या काचेतून बाहेर पाहिले, आणि मग कॅसेट काढून तिची दुसरी बाजू लावली.