लघवीच्या पहिल्या धारेत सापडणारा जंतू

लैंगिक संबंधांतून पसरणारा क्लॅमिडिया हा जंतू प्रयोगशाळेचा चांगलाच कस पाहतो. बाकीचे बहुतेक जंतू ताटलीतल्या खाद्यावर वाढवता येतात. हा जिवंत पेशीत शिरल्याशिवाय वाढतच नाही. पेशीबाहेर तो मिलिमीटरच्या तीन हजाराव्या भागाएवढा, जवळजवळ निपचित. आत शिरला की फुगतो, दुभंगत जातो आणि दोन-तीन दिवसांत शेकड्यांनी बाहेर पडतो. डोळ्यांची खुपरीही याच जातीच्या जंतूमुळे होते. 1907 साली जावा बेटावर हाल्बरश्टेटर आणि प्रोवाझेक या संशोधकांना त्याचे पुंजके प्रथम दिसले ते खुपरीच्या अभ्यासातच.

आजची चाचणी जंतू वाढवत नाही, त्याच्या डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवते. दर फेरीला तुकडे दुप्पट; तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींवर! पुरुषाने तासभर लघवी रोखून पहिल्या धारेची वीस-तीस मिलिलिटर दिली की पुरते. ती पहिलीच हवी, कारण मूत्रमार्गातल्या पेशी तिच्याबरोबर धुऊन येतात. स्त्रीला योनीमार्गाचा स्वॅब स्वतःच घेता येतो.

एवढी नेमकी चाचणीही एकदा चकली. 2006 मध्ये स्वीडनमध्ये या जंतूचा असा प्रकार सापडला, की चाचण्या जो तुकडा शोधत त्यातलीच 377 अक्षरे गळालेली. अहवाल निगेटिव्ह येत राहिले, जंतू पसरत राहिला.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात मला ही चाचणी फार मोलाची वाटते. ‘अंगावरून पांढरं जातं’ हे आपल्याकडे बायका सोसत राहतात. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी 1989 मध्ये गडचिरोलीच्या दोन गावांतील 650 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला: 92 टक्क्यांना स्त्रीरोग होते, आधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये लक्षणांवरून औषधाचे किट मिळते, पण क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक स्त्रियांना लक्षणेच नसतात. गर्भनलिका आतल्या आत खराब होते आणि पुढे मूल होत नाही म्हणून बोल मात्र तिलाच लागतो.

क्षयरोगासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत पोचलेल्या सीबीनॅट यंत्रावर क्लॅमिडियाचे कार्ट्रिजही चालते. दीड तासात निकाल. ते इथे सरकारी दवाखान्यात मिळायलाच हवे.

अहवाल पॉझिटिव्ह आला तर डॉक्टरांकडून औषध तुम्ही आणि जोडीदार दोघांनीही घ्या. लगेच फेरतपासणी नको. मेलेल्या जंतूंचा डीएनए काही आठवडे चाचणीत दिसत राहतो. तीन महिन्यांनी मात्र नक्की तपासून घ्या.