पाठीचा कणा आणि बसण्याचा हक्क

चेन्नई शहरातील टी. नगर हा भाग कापड आणि दागिन्यांच्या बाजारपेठेसाठी देशभर प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मांबलम परिसरातील एक विस्तीर्ण तलाव बुजवून ही वसाहत वसवण्यात आली. जस्टिस पक्षाचे नेते सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांच्या नावावरून तिला ‘त्यागराय नगर’ असे नाव मिळाले. ‘टी. नगर’ हे त्याचेच संक्षिप्त रूप होय. मांबलम रेल्वे स्थानकालगतच्या रंगनाथन स्ट्रीटवर दिवाळीच्या दिवसांत मुंगीलाही वाट मिळू नये, अशी गर्दी उसळते. पुण्याचा लक्ष्मी रस्ता किंवा मुंबईतील दादरचा बाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या गर्दीची थोडीफार कल्पना येऊ शकेल.

गिऱ्हाइकापुढे साड्यांच्या घड्या भराभर उलगडल्या जातात. त्या उलगडणारे हात मात्र सहसा कोणाच्या लक्षात राहत नाहीत. मोठमोठ्या बहुमजली दुकानांत शेकडो तरुण-तरुणी विक्रीचे काम करतात. त्यांतील अनेक जण तमिळनाडूच्या दक्षिणेकडील जिल्ह्यांतून पोटासाठी येथे आलेले असतात. दिग्दर्शक वसंतबालन यांच्या २०१० सालच्या ‘अंगाडी तेरू’ या तमिळ चित्रपटाने याच रस्त्यावरील विक्रेत्यांचे जीवन पडद्यावर आणले. या कामाचा एक अलिखित नियम वर्षानुवर्षे चालत आला, तो म्हणजे दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत उभे राहणे. गिऱ्हाईक नसले, तरीही बसायचे नाही.

या नियमाची किंमत शरीराला मोजावी लागते. ती कशी, हे समजून घेण्यासाठी प्रथम पाठीच्या कण्याची रचना पाहिली पाहिजे.

मानवी कण्यात एकूण ३३ मणके असतात. त्यांपैकी ७ मानेत, १२ पाठीच्या वरच्या भागात, ५ कंबरेत, ५ त्रिकास्थीत आणि ४ माकडहाडात असतात. त्रिकास्थी व माकडहाड यांतील मणके वाढत्या वयात एकमेकांशी जुळून जातात. वरच्या मणक्यांमध्ये मऊ, लवचिक चकत्या असतात. बोलीभाषेत त्यांना ‘गादी’ असे म्हणतात. चालताना बसणारे हादरे त्या झेलतात. कण्याच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो आणि त्यापासून निघालेल्या नसा हातापायांपर्यंत पोहोचतात. हा सारा डोलारा स्नायू व अस्थिबंध यांनी तोलून धरलेला असतो.

स्नायूंचा स्वभाव हालचालीचा आहे. आकुंचन आणि शिथिलीकरण आळीपाळीने होत राहिले, तर त्यांना रक्ताचा पुरवठा नीट होतो. एकाच जागी तासन्‌तास उभे राहिल्यास कंबरेचे स्नायू सतत ताणलेले राहतात आणि लवकर थकतात. पायांत रक्त साचून पोटऱ्या जड होतात. थकलेले शरीर मग एका पायावर भार टाकते, पोट पुढे येते आणि कंबरेचा बाक वाढतो. पाठ दुखू लागते ती अशी हळूहळू. अर्थात, सतत बसून राहणेही तितकेच त्रासदायक ठरते. शिवणयंत्रावर किंवा संगणकापुढे वाकून दिवस काढणाऱ्यांची पाठही याच कारणाने दुखते. एकाच स्थितीत अडकून पडणे, हे या दुखण्याचे एक मोठे कारण आहे.

कंबरदुखी हे जगभर अपंगत्वाचे सर्वांत मोठे कारण मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० साली जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. त्यांतील सुमारे ९० टक्के रुग्णांत दुखण्यामागे कोणताही एकच ठरावीक आजार दाखवता येत नाही. म्हणूनच या दुखण्यात काळजीपूर्वक तपासणीला फार महत्त्व आहे.

अशी तपासणी करणाऱ्या आणि व्यायाम, हस्तोपचार व मार्गदर्शन यांच्या साहाय्याने उपचार करणाऱ्या शास्त्राला भौतिकोपचार किंवा फिजिओथेरपी असे म्हणतात. भारतात त्याच्या औपचारिक शिक्षणाची सुरुवात महाराष्ट्राच्या भूमीवर झाली. मुंबईत पोलिओची मोठी साथ आल्यानंतर १९५३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने तेथील के. ई. एम. रुग्णालयात या विषयाची शाळा सुरू झाली. पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांना पुन्हा उभे करणे, हे त्या काळी या शास्त्रापुढील मोठे काम होते. आज अस्थी, सांधे व स्नायू यांच्या विकारांनी त्रस्त झालेले असंख्य रुग्ण भौतिकोपचारतज्ज्ञाकडे येतात.

रंगनाथन स्ट्रीटवरील एखादी विक्रेती कंबरदुखीची तक्रार घेऊन आली, असे समजू या. तिची तपासणी संभाषणापासून सुरू होते. दुखणे केव्हा सुरू झाले, कोठे आहे, पायात उतरते काय, सकाळी जास्त असते की संध्याकाळी, कशाने वाढते आणि कशाने कमी होते, असे प्रश्न तिला विचारले जातात. शून्य म्हणजे मुळीच दुखत नाही आणि दहा म्हणजे असह्य वेदना, असे धरून आपल्या दुखण्याला ती एक अंक देते. त्यानंतर येतो सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : काम कोणते करता आणि कसे करता? दिवसातून किती तास उभे राहावे लागते, ओझे उचलावे लागते काय, जिने किती वेळा चढावे लागतात, झोप पुरेशी मिळते काय, हे कळल्याशिवाय दुखण्याचे मूळ सापडत नाही.

यानंतर प्रत्यक्ष तपासणी होते. उभे असताना खांदे आणि कंबर समपातळीत आहेत काय, हे पाहिले जाते. कंबरेच्या खालच्या बाजूस दोन खळग्या दिसतात. त्यांच्या पातळीपासून १० सेंटिमीटर वर आणि ५ सेंटिमीटर खाली अशा दोन खुणा करून रुग्णाला पुढे वाकायला सांगतात. लवचिक कंबरेत या दोन खुणांमधील १५ सेंटिमीटरांचे अंतर वाढून साधारणपणे २० किंवा त्याहून अधिक होते. ते फारसे वाढले नाही, तर कंबर ताठर झाल्याचे समजते. पुढे रुग्णाला पाठीवर झोपवून गुडघा न वाकवता एक एक पाय वर उचलला जातो. पाय साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान असताना गुडघ्याखालपर्यंत कळ गेली, तर नसेवर दाब आल्याची शंका घेतली जाते. टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावून पायांची शक्ती पाहतात, कापसाच्या स्पर्शाने संवेदना तपासतात आणि लहान हातोडीने गुडघ्याची व घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया पाहतात.

या तपासणीचा आणखी एक हेतू असतो. काही लक्षणे धोक्याची सूचना देतात. लघवी किंवा शौचावरील नियंत्रण जाणे, मांड्यांच्या आतील भागात व बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे, अपघातानंतर तीव्र वेदना होणे, सतत ताप येणे, कारणाशिवाय वजन घटणे, पूर्वी कर्करोग किंवा क्षयरोग झालेला असणे, यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णाला विलंब न लावता डॉक्टरांकडे पाठवले पाहिजे. मणक्यांनाही क्षयरोग होतो, हे आपल्या देशात विसरून चालत नाही. अशी लक्षणे नसतील, तर बहुतेकांना सुरुवातीलाच एमआरआय काढण्याची आवश्यकता नसते. कधीही पाठ न दुखलेल्या अनेक माणसांच्या चित्रातही चकत्यांची झीज दिसते. त्यामुळे केवळ चित्र पाहून घाबरून जाणे योग्य नव्हे.

उपचारांविषयीच्या कल्पना गेल्या काही दशकांत पुष्कळ बदलल्या आहेत. पूर्वी पाठ दुखली की अंथरुणावर पडून राहण्याचा सल्ला मिळे. १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही रुग्णांना दोन दिवस आणि काही रुग्णांना सात दिवस विश्रांती घेण्यास सांगण्यात आले. बरे होण्यात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मात्र दोन दिवसांचा सल्ला मिळालेल्यांचे कामाचे दिवस कमी बुडाले. हातावर पोट असणाऱ्यांसाठी हा निष्कर्ष मोलाचा आहे. आज शक्य तितके हिंडते-फिरते राहणे हाच उपचाराचा पाया समजला जातो.

त्या विक्रेतीला भौतिकोपचारतज्ज्ञ प्रथम धीर देतो, कारण पाठीत दुखते म्हणजे पाठ मोडली, असे नव्हे. त्यानंतर तपासणीनुसार व्यायाम ठरवले जातात. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर हळूच वर उचलणे, हातागुडघ्यांवर येऊन पाठ आलटून पालटून वर व खाली वाकवणे, पोटाच्या खोल स्नायूंना बळकटी देणे, रोज चालणे, असे साधे व्यायाम बहुधा असतात. ते प्रत्येकासाठी सारखे नसतात. एकाला पुढे वाकण्याने आराम पडतो, तर दुसऱ्याला मागे वाकण्याने. म्हणून शेजाऱ्याचे व्यायाम आपण करणे हिताचे नसते. गरम पाण्याच्या पिशवीने शेकल्यास तात्पुरता आराम मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दीर्घकालीन कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत रुग्णाचे शिक्षण, व्यायाम, हस्तोपचार व मालिश यांना स्थान आहे. कंबरेचे पट्टे आणि वजन लावून कणा ताणणे, म्हणजेच ट्रॅक्शन, यांची मात्र नेहमीचे उपचार म्हणून शिफारस केलेली नाही. यंत्रांवर आणि पट्ट्यांवर कष्टाचा पैसा खर्च करण्यापूर्वी हे माहीत असणे बरे.

व्यायामाबरोबरच तिला आणखी एक सल्ला मिळतो : दर अर्ध्या तासाने थोडे बसा, उभे असताना एक पाय आलटून पालटून लहान पाटावर ठेवा, मऊ तळव्याच्या चपला वापरा. येथेच उपचाराची खरी कसोटी लागते. चपला बदलणे तिच्या हातात आहे. बसणे मात्र तिच्या हातात नाही. सकाळी केलेल्या पंधरा मिनिटांच्या व्यायामाचा लाभ दिवसभराच्या दहा-बारा तासांच्या उभ्या कामात वाहून जातो.

ही अडचण औषधाने सुटण्यासारखी नव्हती. शेजारच्या केरळ राज्यात कोळिकोड येथील कापड दुकानांतील महिलांनी बसण्याच्या हक्कासाठी दीर्घकाळ लढा दिला आणि २०१८ साली तेथील कायद्यात दुरुस्ती झाली. त्यापाठोपाठ २०२१ साली तमिळनाडूने १९४७ च्या आपल्या दुकाने व आस्थापना कायद्यात एक कलम जोडले. काम करताना संधी मिळेल तेव्हा बसता यावे, यासाठी प्रत्येक दुकानात सर्व कर्मचाऱ्यांकरिता आसनांची योग्य सोय असली पाहिजे, असे हे कलम सांगते. त्याच वर्षी राज्याने ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’ ही घरोघरी आरोग्यसेवा पोहोचवणारी योजना सुरू केली आणि तीत भौतिकोपचाराचाही समावेश केला.

कायद्याने स्टूल आले, म्हणून प्रत्येकाला त्यावर बसता येतेच, असे नाही. बसलेला नोकर म्हणजे कामचुकार, ही समजूत दुकानमालकांच्याच नव्हे, तर गिऱ्हाइकांच्याही मनात घर करून असते. आपल्याकडील जुन्या साडीच्या दुकानांत विक्रेते पांढऱ्या गादीवर बसूनच साड्या दाखवत आणि त्यामुळे धंद्यात काही उणे पडत नसे. ती गादी गेली आणि काउंटर आले, तेव्हा बसण्याची सोयही सहजपणे नाहीशी झाली.

पाठदुखीचा विचार करताना केवळ मणके व स्नायू पाहून भागत नाही. ती पाठ कोणते काम करते आणि त्या कामात तिला विसावा मिळतो काय, हेही पाहावे लागते. व्यायाम नियमाने करणे ही रुग्णाची जबाबदारी आहे, योग्य तपासणी करणे ही तज्ज्ञाची आणि विसाव्यासाठी एक आसन देणे ही मालकाची. साडी घेण्यासाठी आलेल्या गिऱ्हाइकानेही बसलेल्या विक्रेतीला पाहून कपाळावर आठी आणू नये, एवढे तर सहज करता येण्यासारखे आहे.