गाडीतील दुसरी बॅटरी

शेतकऱ्याच्या घरी धान्याची दोन पोती शेजारी शेजारी उभी असली, तरी त्यांचा धर्म एक नसतो. एक खाण्याचे, दुसरे पेरणीचे. दुष्काळात कितीही ओढाताण झाली तरी जाणती गृहिणी बियाण्याच्या पोत्यास हात लावू देत नाही; कारण ते सरले म्हणजे पुढचे वर्षच सरले. आडवाटांनी फिरणाऱ्या जीपगाडीत दुसरी बॅटरी का बसवावी, ह्याचे उत्तर ह्या जुन्या रिवाजातच आहे. हल्ली आपल्या घरांतील तरुण मंडळी चारही चाकांस जोर मिळणाऱ्या गाड्या घेऊन सहकुटुंब रानोमाळ हिंडू लागली आहेत. तेव्हा हा विषय केवळ मिस्त्रीचा राहिला नसून घरच्या कर्त्या माणसांचाही झाला आहे.

पूर्वी मोटार सुरू करावयाची म्हणजे पुढे लोखंडी हँडल घालून दंड मोडेपर्यंत फिरवावे लागे. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीस केटरिंग ह्यांचा विजेवर चालणारा स्टार्टर बसला आणि हे कष्ट संपले. मात्र त्या दिवसापासून गाडीचा प्राण बॅटरीत जाऊन बसला. डिझेलचे इंजिन फिरविताना स्टार्टर काही क्षण दोन-तीनशे अँपिअर वीज ओढतो. एवढा जोर एकदम देता यावा म्हणून ह्या बॅटरीत पातळ व पुष्कळ पत्रे असतात. तिचे बळ पहिलवानाच्या एका झटक्याचे आहे. हमालाप्रमाणे दिवसभर ओझे वाहणे तिच्या प्रकृतीस मानवत नाही. ती वारंवार तळापर्यंत रिती झाली तर लवकरच निकामी होते.

आता नांदेडहून माहूरास रेणुकादेवीच्या दर्शनाला निघालेले एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. किनवटच्या पुढे पैनगंगेच्या काठचे अरण्य. मुक्काम रानाच्या कडेला. गाडीत आजोबांचे इन्सुलिन थंड राहावे म्हणून एक लहान फ्रीज. रात्रभर फ्रीज चालला, दिवे जळले, मुलांचे फोन भरले गेले. पहाटे आजोबांच्या छातीत कळ आली आणि किल्ली फिरविली तो इंजिनाऐवजी नुसता ‘टक्’ असा आवाज! आधुनिक स्वयंचलित गिअरची गाडी असेल तर ती ढकलूनही सुरू होत नाही. अशा वेळी एका बॅटरीवर सर्व भार टाकणे म्हणजे बियाणे दळून खाण्यासारखेच होय.

दोन बॅटऱ्या नुसत्या तारांनी एकमेकींस जोडल्या म्हणजे कार्य झाले, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. तशा जोडल्या तर त्या भरतात बरोबर आणि रित्याही बरोबरच होतात. शिवाय एक जुनी असली तर ती नवीलाही खाली ओढते. खरे महत्त्व दुसऱ्या बॅटरीस नसून दोहोंच्या मधल्या दरवाजास आहे. संस्कृत शास्त्रकारांनी देहलीदीपन्याय सांगितला आहे: उंबरठ्यावरचा एक दिवा आतही उजेड देतो व बाहेरही. इंजिन चालू असताना त्याचा ऑल्टरनेटर असाच दोन्ही बॅटऱ्या भरतो. इंजिन थांबताच मधले दार मिटले पाहिजे. हे काम करणारा रिले मिळतो. दाब सुमारे १३.३ व्होल्ट झाला म्हणजे तो दोहोंस जोडतो व सुमारे १२.८ वर उतरला म्हणजे तोडतो. काही नव्या गाड्यांत ऑल्टरनेटर इंधन वाचविण्यासाठी आपला दाब स्वतःच कमी करतो; तेथे हा साधा रिले फसतो आणि दाब वाढवून बॅटरी भरणारे डीसी-टू-डीसी चार्जर हे निराळे यंत्र लागते. सबब आपली गाडी कोणत्या जातीची आहे हे पाहूनच खरेदी करावी. नव्या गाडीच्या हमीपत्रास ह्या फेरफाराने बाध येतो काय, हेही आधी विचारावे.

दुसरी बॅटरी जाड पत्र्यांची, सावकाश वीज देणारी असावी. हिशेब सोपा आहे. ७५ अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरावी, म्हणजे ३७ हाती राहिले. लहान फ्रीज चालू असताना सुमारे ४ अँपिअर घेतो. तेव्हा तो अखंड चालला तरी नऊ तास निभाव लागतो.

सर्वांत मोठा धोका आगीचा आहे. दोन बॅटऱ्यांमधील लांब तारेस दोन्ही टोकांनी वीज मिळते. ती कोठे घासून उघडी पडली व गाडीच्या लोखंडास टेकली, तर क्षणार्धात लाल होते. म्हणून प्रत्येक बॅटरीच्या जवळ एक, असे दोन फ्यूज हवेतच. तार जाड असावी. बारीक तारेत दाब वाटेतच गळतो व मागची बॅटरी कधीच भरत नाही. खाचखळग्यांत उडू नये म्हणून बॅटरी लोखंडी पट्टीने घट्ट आवळावी. पाण्याची बॅटरी भरताना हायड्रोजन वायू सोडते. ती बसण्याच्या जागेत ठेवू नये, तेथे बंदिस्त जातीची घ्यावी. आमच्या मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि उष्णता हा बॅटरीचा मोठा शत्रू आहे. म्हणून शक्य तर दुसरी बॅटरी इंजिनाच्या धगीपासून दूर, मागेच बसवावी. काम करताना ऋण टोक आधी सोडावे व शेवटी जोडावे. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी १२.६ व्होल्ट दाखवील तर ती भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली गेली तर रितीच समजावी.

हा सारा खटाटोप केवळ सहलीसाठी, असे कोणी म्हणेल. त्याने ३० सप्टेंबर १९९३ आठवावा. गणेशविसर्जनानंतरच्या त्या रात्री, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची भूमी हादरली. लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव, ह्या दोन जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या घरांखाली दडपली गेली. अशा काळोखात रात्रभर दिवा देऊ शकणारी आणि तरीही पहाटे जखमी माणसास घेऊन निघू शकणारी गाडी गावात असणे, ही चैन नव्हे. काळ्या मातीच्या चिखलातून ती गाडी वाट काढील खरी, परंतु आधी सुरू झाली पाहिजे.

असो. मिस्त्रीकडे गाडी नेल्यावर बॅटरीची किंमत विचारण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: मधला दरवाजा कोणता बसविणार, आणि फ्यूज किती व कोठे? त्याने दोहोंची उत्तरे नीट दिली, तर काम त्याच्या हाती निश्चिंतपणे सोपवावे. काम झाल्यावर घरच्या अंगणातच एक रात्र फ्रीज व दिवे चालू ठेवावेत आणि सकाळी गाडी सुरू होते की नाही ते पाहावे. माहूरची वाट त्यानंतर धरावी.