विसण

आमच्या घरी बंब होता तेव्हा आंघोळीचं पाणी आजी काढून द्यायची. आधी बादलीत कढत पाणी, मग त्यात विसण. किती घालायचं ते तिची बोटं ठरवायची. तेच काम मी आता फळ्यावर करतो आणि त्याचा पगार घेतो. 80 अंशांचं पाणी एक तांब्या आणि 20 अंशांचं दोन तांबे एकत्र केले की 40 अंश. कढत पाणी 40 अंश उतरलं, गार पाणी 20 अंश चढलं, पण ते दुप्पट होतं, म्हणून देणं-घेणं फिटलं. कॅलरीमापनाचं गणित एवढंच. पंचाईत अशी, की या व्यवहारात फक्त दोघेच आहेत असं कधी होत नाही.

यंदा दहावीच्या प्रयोगाला शाळेतल्या शिशाच्या गोळ्या सापडेनात. फाटकापाशी बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींकडून मी 200 ग्रॅमचं वजन मागून आणलं. लोखंडी, षटकोनी, बुडाशी खोलगट, त्या खोलगटात शिसं ओतून त्यावर शिक्का मारलेला. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून ते नुसतं पडून होतं.

वजनाला दोरा बांधून ते उकळत्या पाण्यात सोडलं. पुण्यात पाणी 98 अंशांनाच उकळतं. पुस्तकातले 100 इथे चालत नाहीत, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर चढल्याचा हा परिणाम. तांब्याचा कॅलरीमापी ढवळणीसकट 60 ग्रॅम भरला, त्यात 150 ग्रॅम पाणी, तापमान 26.

वजन बुडवायच्या आधी उत्तर काढायचं, हा माझा नियम. लोखंडाचा विशिष्ट उष्मा 0.11, म्हणजे 200 ग्रॅम लोखंडाची भूक 22 ग्रॅम पाण्याएवढी. (बुडातलं शिसं सोडून दिलं, ते थोडंसंच.) पोरांनी पटापट मांडलं आणि 35.2 आणलं. भांडं विसरलात, म्हटलं. तांब्याचे 0.093 धरले तर 60 ग्रॅमचं भांडं साडेपाच ग्रॅम पाण्याएवढी उष्णता पिऊन बसतं. ते धरल्यावर उत्तर उतरलं 34.9 वर.

मग दोरा उचलला, वजन कॅलरीमापीत सोडलं, ढवळणी वरखाली. पारा चढला, रेंगाळला आणि 35.4 वर थांबला.

उत्तर कमी येणार हे मी गृहीत धरलं होतं. येतंच. हवा उष्णता खाते, टेबल खातं, तापमापीही खातो. जास्त आलेलं पाहून मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, उष्णता तयार झाली!" मी हसलो खरा, पण दोन मिनिटं मलाही कळेना. तापमापी बदलून पाहिला. तेवढ्यात एका मुलीने सगळं उचलून काट्यावर ठेवलं. भांडं 60, पाणी 150, लोखंड 200, बेरीज 410 हवी. काटा म्हणाला 412.

दोन ग्रॅम पाणी बुडाच्या खोलगटात आणि दोऱ्यात बसून आलं होतं, आणि तेही 98 अंशांचं. दोन ग्रॅम म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. पण पाण्याचा एक ग्रॅम लोखंडाच्या नऊ ग्रॅमना भारी पडतो. नवा हिशेब 35.6 आला. उरलेल्या 0.2 चा खुलासा सोपा होता: दोऱ्याला लोंबकळत येताना वजन दीडेक अंश निवलं असणार.

पाण्याचा हा मोठा घास कुणाला आधी दिसला हे सांगायचा मोह मला आवरत नाही. अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये जोसेफ ब्लॅक शिकवत असे. फॅरनहाइटच्या मापाने 100 अंशांचं पाणी आणि तितक्याच मापाचा 150 अंशांचा पारा मिसळला तर मधोमध 125 यायला हवेत; येतात 120 च, असं तो विद्यार्थ्यांना सांगे. पारा तर पाण्याच्या साडेतेरा पट जड. जड वस्तूत उष्णता जास्त, ही समजूत तिथेच निकालात निघाली.

दुसऱ्या खेपेला वजन कोरड्या रुंद परीक्षानळीत ठेवून नळी उकळत्या पाण्यात धरली. 34.6 आले. हवेने आपला वाटा घेतला, नेहमीसारखाच.

त्याच तासाला बर्फाचं एक गणित घातलं आणि वर्ग तोंडावर पडला. 30 अंशांच्या 100 ग्रॅम पाण्यात 0 अंशांचा 100 ग्रॅम बर्फ, शेवटचं तापमान किती? निम्म्या वह्यांत उत्तर होतं उणे 25. सूत्र बरोबर, बेरीज-वजाबाकी बरोबर, आणि पाणी उणे 25 अंशांवर द्रवरूपात! एक ग्रॅम बर्फ वितळायला 80 कॅलरी लागतात, म्हणजे सगळ्याला 8000. पाणी 0 पर्यंत उतरून जेमतेम 3000 देतं. तेवढ्यात साडेसदतीस ग्रॅम बर्फ वितळतो, बाकीचा तरंगत राहतो, तापमान 0. सूत्राला आत बर्फ शिल्लक आहे की नाही ते दिसत नाही. ते आधी आपण पाहायचं असतं, बादलीत बोट घालून पाहावं तसं.

दुपारी वजन परत द्यायला गेलो. मावशींनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"उकळलंत म्हणे पोरांनी सांगितलं. वजन कमी नाय ना झालं?"

1799 मध्ये काउंट रम्फर्डने याच प्रश्नाच्या मागे लागून तराजूत उष्णता तोलून पाहिली होती आणि त्याला काहीच वजन सापडलं नव्हतं. हे मावशींना सांगायला मी तोंड उघडलंही, पण त्यांनी तोवर वजन स्वतःच्या काट्यावर ठेवलं होतं. 200. त्यांनी मान डोलावली आणि कोथिंबिरीवरचं प्लास्टिक उडू नये म्हणून ते त्याच्या कोपऱ्यावर ठेवून दिलं.