एसी थंड करत नाही? गॅसचा सिलिंडर आधी गाडीतच राहू द्या

एसी दुरुस्तीच्या धंद्यासाठी पिंगुळी ही जागा झकास आहे. कुडाळ शेजारी, मुंबई-गोवा महामार्ग दारात. मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी, कुठेही बाईकने तासाभरात पोचता. फक्त एप्रिल-मेमधला एक फोन नीट सांभाळायला शिका: “एसी थंड करना नाय, गॅस संपलो वाटता.”

गॅस काय पेट्रोल आहे संपायला? बंद नळीत तोच फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरलात, तर पुढच्या मेमध्ये तेच गिऱ्हाईक पुन्हा फोन करणार, तेही शिव्यांसकट. गाव लहान आहे, बातमी फिरते.

फिल्टर तर बघाच, पण खरा घोळ बहुतेकदा आउटडोअर युनिटमध्ये असतो. एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश धरून. तुमचं युनिट जर बाल्कनीच्या कोपऱ्यात, ग्रिल आणि कपड्यांच्या आड कोंबलेलं असेल, तर ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं. तिथे थर्मामीटर ठेवून गिऱ्हाईकाला आकडा दाखवा, लगेच पटतं. कॉइलवर जांभ्याची लाल धूळ असेल, किनाऱ्याजवळ खारं. मेन स्विच बंद करून साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवा. जोराच्या फवाऱ्याने ॲल्युमिनियमच्या पात्या वाकतात. कपॅसिटर तपासताना तो आधी डिस्चार्ज करा, वीज गेली तरी त्यात चार्ज उरतो. व्होल्टेज संध्याकाळी मोजा, सगळ्यांचे पंखे-एसी चालू असताना. आणि हो, सर्किट बोर्डवर पाल मरून पडलेली नाही ना, तेही बघा! हसू नका, कोकणात हे होतं.

मग एसी सर्वांत कमी तापमानावर पंधरा-वीस मिनिटं चालवा. आत ओढली जाणारी आणि बाहेर येणारी हवा यांत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक दिसला, तर मशीन बहुधा ठीक आहे. आपल्याकडच्या दमट हवेत फरक थोडा कमी येतो, कारण बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. ड्रेनच्या नळीतून धार चालू असेल तर एसी राबतोय.

मशीन ठीक, तरी खोली गरम? वर बघा. कौलारू घर, माळा नाही, कौलांच्या फटीतून वारा. इथे दोन टनी एसीही हरेल. “आधी सीलिंग करून घ्या” असं स्पष्ट सांगा. त्या दिवशी फक्त व्हिजिटचे पैसे मिळतील, पण शेजारच्या होमस्टेचं काम त्याच घरातून येतं.

गळती सापडली, जोड पक्का केला, व्हॅक्यूम मारला, मगच गॅस. तोही अंदाजाने नाही, काट्यावर. युनिटच्या पाटीवर गॅसचं नाव आणि ग्रॅम छापलेले असतात. आर-३२ असेल तर ज्योतीपासून सांभाळा, तो पेट घेऊ शकतो. किती ग्रॅम भरला ते बिलावर लिहा, आणि जुन्या गिऱ्हाईकांना फोन फेब्रुवारीतच करा, चाकरमानी यायच्या आधी.