आकड्यांतून चित्र, चित्रातून आकडे : विद्यार्थ्यांचे संशोधन आणि सोलापूरची चादर

आजचा विषय आहे कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कॉम्प्युटर ग्राफिक्स या दोन क्षेत्रांतलं विद्यार्थ्यांचं संशोधन. समोर अभियांत्रिकीची मुलं-मुली बसली आहेत, पालक आहेत, यंत्रमागाच्या धंद्यातली काही मंडळीही दिसताहेत. त्यामुळे गणिताची समीकरणं बाजूला ठेवतो आणि आपल्या गावच्या वस्तूपासून सुरुवात करतो.

सोलापुरी चादर जॅकार्डवर विणली जाते हे आपल्याला माहीत आहे. जॅकार्ड म्हणजे काय? नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढायची. प्रत्येक चौकट म्हणजे एक उभा आणि एक आडवा धागा जिथे एकमेकांना ओलांडतात ती जागा. चौकट भरलेली असेल तर उभा धागा वर, रिकामी असेल तर खाली. मग त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची. भोक आहे किंवा नाही, एवढी दोनच अक्षरं त्या भाषेत आहेत. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्डने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत बसवली. पुढे सुमारे २४,००० पट्ट्या वापरून खुद्द जॅकार्डचंच चित्र रेशमात विणलं गेलं. त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेजकडे होती आणि आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी त्याने याच पट्ट्यांची कल्पना उचलली.

म्हणजे आकड्यांतून चित्र तयार करणं ही गोष्ट सोलापूरला नवी नाही. कॉम्प्युटर ग्राफिक्स म्हणजे तेच : आत आकडे घालायचे, बाहेर चित्र काढायचं. आणि संगणकाला फोटो दाखवून 'यात काय आहे' असं विचारणं, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेतला दृष्टीचा भाग, ही त्याची उलटी दिशा. आत चित्र, बाहेर आकडे. ही दोन कामं एकाच रस्त्याची दोन टोकं आहेत, एवढं लक्षात ठेवलंत तर पुढचं सगळं सोपं जाईल.

विद्यार्थ्यांनी काय केलं?

आता या रस्त्यावरचे मैलाचे दगड पाहा. इव्हान सदरलँड यांनी १९६३ मध्ये एमआयटीत पीएच.डी.साठी 'स्केचपॅड' तयार केलं. प्रकाशाच्या पेनाने पडद्यावर रेघ ओढायची आणि संगणकाने ती समजून घ्यायची. युटा विद्यापीठात हेन्री गूरो या विद्यार्थ्याने १९७१ मध्ये एक अडचण सोडवली. त्या काळी गोल वस्तू संगणकावर सपाट तुकडे जोडून दाखवत, त्यामुळे तिला कंगोरे दिसायचे. गूरोने प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यांवरचा उजेड मोजला आणि मधल्या जागेत तो हळूहळू बदलत नेला. कंगोरे गेले. तिथल्याच बुई तुओंग फोंग या व्हिएतनामी विद्यार्थ्याने १९७३ मध्ये त्यात सुधारणा केली. त्याने रंगाऐवजी पृष्ठभागाची दिशा बदलत नेली, त्यामुळे चकाकीसुद्धा नीट दिसू लागली. आजही ग्राफिक्सच्या प्रत्येक पुस्तकात त्याचं नाव येतं.

उलट्या दिशेचं उदाहरण २०१२ चं. टोरांटो विद्यापीठातल्या ॲलेक्स क्रिझेव्स्की आणि इल्या सुत्स्केवर या विद्यार्थ्यांनी, मार्गदर्शक जेफ्री हिंटन यांच्याबरोबर, फोटो ओळखणारं जाळं शिकवलं. सुमारे १२ लाख फोटो, १००० प्रकार. त्यासाठी वापरलं काय, तर व्हिडिओ गेमसाठी बनवलेली दोन ग्राफिक्स कार्डं! पाच-सहा दिवस ती चालली आणि स्पर्धेत या मंडळींची चूक १५ टक्क्यांच्या आसपास आली, दुसऱ्या क्रमांकाची २६ टक्क्यांच्या आसपास होती. ग्राफिक्ससाठी जे यंत्र बनलं, त्यावरच कृत्रिम बुद्धिमत्ता उभी राहिली.

आपल्याकडचं नाव घ्यायचं तर रमेश रासकर. मूळचे नाशिकचे, पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि पीएच.डी.साठी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गेले. तिथल्या कामातून पुढे आलेला त्यांचा आणि सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध २००१ चा आहे. ताजमहालाची पांढरी प्रतिकृती टेबलावर ठेवायची आणि दोन प्रोजेक्टरनी तिच्यावर रंग, संगमरवराचा पोत, सावल्या टाकायच्या. वस्तू पांढरीच, पण डोळ्याला खरी रंगीत दिसते. गोम इथे आहे : दोन्ही प्रोजेक्टरचा उजेड जिथे एकमेकांवर पडतो तिथे दुप्पट झगझगाट होतो. म्हणून एकाचा उजेड हळूहळू उतरवत न्यायचा, दुसऱ्याचा चढवत न्यायचा आणि बेरीज सगळीकडे सारखी ठेवायची. कल्पना शाळकरी मुलालाही समजेल. पण ती प्रत्यक्षात बसवायला वस्तूच्या आकाराचं काटेकोर मोजमाप लागतं.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. प्रश्न लहान आणि नेमका होता. 'संगणकाला माणसासारखं बनवतो' असा यांपैकी कोणत्याही कामाचा दावा नव्हता. कंगोरे का दिसतात? उजेड दुप्पट का होतो? एवढंच.

आपल्या हातातला प्रश्न

आता थोडं कडू बोलतो. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प विकत मिळतो, हे इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. अहवाल छापलेला, प्रोग्रॅम तयार, वर 'अचूकता ९८ टक्के' असं लिहिलेलं. गुण मिळतात. पण चार वर्षांत एकदाच स्वतः प्रश्न विचारायची संधी मिळते, ती जाते. आणि तो ९८ चा आकडा किती पोकळ असू शकतो ते बघा.

समजा, चादरीतला दोष ओळखणारा प्रोग्रॅम करायचा आहे. तुटलेला धागा, चुकलेली वीण, तेलाचा डाग. मागावरच्या कापडाचे १००० फोटो काढले. त्यात दोष असलेले २०. आता मी एक प्रोग्रॅम लिहितो जो फोटो न बघताच दर वेळी 'कापड चांगलं आहे' म्हणतो. १००० पैकी ९८० वेळा तो बरोबर! अचूकता ९८ टक्के आणि पकडलेले दोष शून्य. म्हणून एकच आकडा कधीही मान्य करू नका. दोन प्रश्न विचारा. खऱ्या २० दोषांपैकी किती सापडले? आणि प्रोग्रॅमने ज्यांना दोष म्हटलं त्यांतले खरे किती?

दुसरा प्रश्न फक्त परीक्षेपुरता नाही. उद्या कारखान्यात हा कॅमेरा लागला आणि चांगल्या कापडाला तो दोषी ठरवू लागला, तर त्या आकड्यावरून एखाद्या विणकराची मजुरी कापली जाऊ शकते. त्या माणसाला तुमचं जाळं कसं चालतं हे माहीत नसणार. त्याच्या वतीने शंका घेणं हे तुमचं काम आहे.

आणखी एक सापळा. एकाच ताग्याचे फोटो काढून त्यातले अर्धे शिकवायला आणि अर्धे तपासायला वापरले, तर प्रोग्रॅम तो तागाच पाठ करतो. परीक्षेतले प्रश्न आधीच फुटल्यासारखं होतं ते. म्हणून तपासणीसाठी वेगळा माग, वेगळा दिवस, वेगळा उजेड घ्या. आकडा खाली येईल. येऊ द्या, तो खरा असेल.

आता म्हणाल, दोषाचे फोटो फक्त २०, तेवढ्यावर शिकवायचं कसं? इथे ग्राफिक्स मदतीला येतं आणि सोलापूरला एक फायदा आहे. चादरीची नक्षी आपल्याकडे आकड्यांत आधीच असते. तिच्यावरून निर्दोष कापड कसं दिसायला हवं ते चित्र संगणकावर तयार करता येतं. त्यात मुद्दाम एक धागा गाळा, एक वीण चुकवा, उजेडाचा कोन बदला, म्हणजे दोषाची हवी तेवढी चित्रं मिळतील. शिकवायला ती वापरा. तपासायला मात्र खरंच कापड घ्या, बनवलेलं चित्र चालणार नाही. अशी कृत्रिम चित्रं किती उपयोगी पडतात, किती प्रमाणात घातली की उलट नुकसान होतं, हा एक उत्तम संशोधनाचा प्रश्न आहे. सोलापुरात बसून, मोबाइलच्या कॅमेऱ्याने आणि इंटरनेटवर मर्यादित वेळासाठी फुकट मिळणाऱ्या ग्राफिक्स कार्डावर तो करता येतो.

प्रश्नोत्तरांतून

एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, निकाल चांगला आला नाही तर प्रकल्प नापास होईल ना?"

चांगला प्रश्न आहे, ताई. यावर माझं उत्तर असं : निकाल वाईट येणं आणि काम वाईट असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. वीस दोषांपैकी नऊच सापडले असं तुम्ही लिहिलंत, उरलेले अकरा फोटो अहवालात छापलेत, आणि त्यातले सात दोष गडद रंगाच्या काठावर होते हे दाखवलंत, तर पुढच्या वर्षीच्या मुलाला कुठून सुरुवात करायची ते कळेल. गूरोच्या पद्धतीत चकाकी नीट येत नव्हती, म्हणून तर फोंगला काम मिळालं! परीक्षकांना मात्र आधीच सांगा की आम्ही काय तपासलं आणि कसं. आणि इथे बसलेल्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की गुण देताना अचूकतेच्या आकड्याआधी न सापडलेल्या दोषांचं पान उघडून बघा.

एवढं झालं की येत्या सोमवारी चौघांचा गट करा, जवळच्या कारखान्यात मालकाची आणि कामगारांची परवानगी घेऊन जा आणि कापड तपासणाऱ्या माणसाशेजारी तासभर उभे राहा. तो बोट कुठे ठेवतो ते लिहून घ्या. प्रोग्रॅम त्यानंतर.