युवक आघाडी : पक्षाचे हात की पक्षाचा आवाज?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

निवडणूक जाहीर झाली की आपल्या गल्लीत सर्वांत आधी कोण दिसते? मोटारसायकलला झेंडा लावलेली मुले. घरोघरी मतदार चिठ्ठ्या तीच पोहोचवतात, सभेच्या खुर्च्या तीच मांडतात आणि मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर टेबल टाकून सकाळपासून तीच बसलेली असतात. निकाल लागला की गुलालात माखलेलीही तीच. पुढे पाच वर्षे ही मुले कुठे असतात? चौकातल्या फलकावर त्यांचे फोटो दिसतात, खाली 'युवा नेते' असे लिहिलेले असते. पण पक्षाचा उमेदवार ठरतो, धोरण ठरते, त्या खोलीत ती क्वचितच असतात.

जवळजवळ प्रत्येक पक्षाला आज युवक आघाडी आहे. काँग्रेसची युवक काँग्रेस, भाजपचा भारतीय जनता युवा मोर्चा, शिवसेनेची युवासेना, राष्ट्रवादीची युवक काँग्रेस, मार्क्सवाद्यांची डीवायएफआय. ही नावे आपण रोज वाचतो. पण या आघाड्या नेमक्या कशासाठी असतात आणि त्यांच्याकडून काय अपेक्षा धरावी, याचा विचार सहसा होत नाही. आज तो थोडा करू या.

प्रथम वयाचा हिशेब पाहा. १९८९ पासून आपल्याकडे मतदानाचे वय एकवीसवरून अठरा झाले. ग्रामपंचायत किंवा नगरपालिका लढवायला एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. विधानसभा आणि लोकसभेसाठी पंचवीस, तर विधान परिषद आणि राज्यसभेसाठी तीस. म्हणजे मताचा अधिकार मिळाल्यापासून आमदारकीचा अर्ज भरता येईपर्यंत किमान सात वर्षांचे अंतर आहे. या सात वर्षांत राजकारणाची ओढ असलेल्या तरुणाने काय करायचे? युवक आघाडी ही त्या मधल्या काळाची जागा आहे. युवक काँग्रेसमध्ये पस्तीस वर्षांपर्यंत राहता येते. अठरा ते पस्तीस ही माणसाच्या उमेदीची सतरा वर्षे. ती कोणाच्या हाती द्यायची, हा त्या मुलाइतकाच त्याच्या घरच्यांचाही प्रश्न असतो.

या काळात आघाडीने तीन कामे करावीत अशी अपेक्षा असते. पहिले काम भरतीचे : पक्षात नवी माणसे आणायची. दुसरे तालमीचे : सभा कशी घ्यायची, निवेदन कसे लिहायचे, तहसील कचेरीत काम कसे करून घ्यायचे, विरोधकाशी कसे बोलायचे, हे शिकवायचे. तिसरे काम बोलण्याचे : नोकरी, शिक्षण, शेती, घरभाडे यांविषयी तरुणांना काय वाटते ते पक्षाला ऐकवायचे आणि पक्ष चुकत असेल तर तसे सांगायचे. पहिली दोन कामे पक्षांना आवडतात. तिसरे मात्र फारसे आवडत नाही. युवक आघाड्यांचा सगळा इतिहास या तिसऱ्या कामाभोवती फिरतो.

स्वातंत्र्यपूर्व काळात या कामाला पक्षात जागा होती. नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी प्रभृती तरुणांच्या चर्चा झाल्या आणि १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला. ही मंडळी काँग्रेसमध्ये राहूनच काँग्रेसच्या धोरणांवर कठोर टीका करीत. १९४१ मध्ये पुण्यात एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दल नव्याने उभे राहिले. सेवा दल रूढ अर्थाने कोणत्या पक्षाची युवक आघाडी नव्हे; पण तरुणांची तालीम कशी असावी याचा नमुना महाराष्ट्राला त्याने दिला. शाखा, शिबिरे, श्रमदान, कलापथक. निळू फुले, राम नगरकर आणि दादा कोंडके ही माणसे सेवा दलाच्या कलापथकाशी जोडलेली होती, हे अनेकांना ठाऊक असेल. तिथे तिकिटाची आशा दाखवली जात नव्हती. तरीही तिथून पुढे आमदार, खासदार, कामगार पुढारी, शिक्षक आणि नट घडले.

स्वातंत्र्यानंतर युवक संघटना थेट पक्षाच्या छत्राखाली आल्या आणि त्यांच्याकडे आमदारकीची पहिली पायरी म्हणून पाहिले जाऊ लागले. ही पायरी खोटी होती असे म्हणता येणार नाही. शरद पवार युवक काँग्रेसच्या कामातून वर आले, १९६७ मध्ये तिशीच्या आत आमदार झाले आणि १९७८ मध्ये अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते, उस्मानाबाद जिल्हा युवक काँग्रेसचे अध्यक्ष झाले, १९८० मध्ये विधानसभेत गेले आणि १९९९ मध्ये मुख्यमंत्री झाले. देवेंद्र फडणवीस यांनी नागपुरात युवा मोर्चाच्या वॉर्ड पातळीवरच्या पदापासून सुरुवात केली, १९९२ मध्ये नगरसेवक, १९९७ मध्ये महापौर आणि २०१४ मध्ये मुख्यमंत्री झाले. राजनाथ सिंह आणि जगत प्रकाश नड्डा दोघेही युवा मोर्चाचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. पुढे दोघेही पक्षाध्यक्ष झाले. पायरी मजबूत असेल तर माणूस कुठवर जातो, हे यावरून दिसते.

परंतु ही पायरी पक्षाच्या हातातले हत्यार बनली तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. आणीबाणीत, डिसेंबर १९७५ मध्ये, संजय गांधी युवक काँग्रेसच्या कार्यकारिणीवर आले. साक्षरता, कुटुंबनियोजन, वृक्षारोपण, हुंडाबंदी आणि जातिनिर्मूलन असा त्यांचा पाच कलमी कार्यक्रम होता. कागदावर यातल्या एकाही कलमाला नाव ठेवता येणार नाही. पण या संघटनेच्या मागे सरकारची ताकद उभी होती आणि तिला जाब विचारणारे कोणी उरले नव्हते. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, विरोधी नेते तुरुंगात होते आणि पक्षातले ज्येष्ठ गप्प होते. कुटुंबनियोजनाची सक्ती झाली, दिल्लीत वस्त्या पाडल्या गेल्या आणि १९७७ मध्ये मतदारांनी त्याची किंमत वसूल केली. वरच्या माणसाशी निष्ठा एवढ्या एकाच गुणावर तरुणांची निवड झाली की काय होते, याचा तो धडा होता.

हा धडा घेऊनच बहुधा पुढे एक प्रयोग झाला. २००७ मध्ये राहुल गांधींकडे युवक काँग्रेसची जबाबदारी आली. नेमणुका बंद करून सदस्यांच्या मतदानाने पदाधिकारी निवडायचे, असे त्यांनी ठरवले. या निवडणुकांवर देखरेख ठेवण्यासाठी निवडणूक आयोगात काम केलेल्या माणसांची मदत घेतली गेली. कल्पना चांगली होती. आपल्या पक्षांमध्ये ती दुर्मीळही होती. महाराष्ट्रात काय झाले? २०१८ मध्ये या पद्धतीने प्रदेशाध्यक्ष झालेले सत्यजित तांबे हे तेव्हाचे आमदार सुधीर तांबे यांचे चिरंजीव आणि बाळासाहेब थोरात यांचे भाचे. २०२२ मध्ये निवडून आलेले कुणाल राऊत हे तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांचे चिरंजीव. दोघेही मते मिळवून आले. त्यांच्या कामाविषयी मला येथे काही म्हणायचे नाही. प्रश्न पद्धतीचा आहे.

पक्षांतर्गत निवडणुकीत मतदार कोण? जो सदस्य झाला तो. सदस्य कोण करतो? उमेदवारच. ज्याने अधिक सदस्य नोंदवले त्याच्या पारड्यात अधिक मते. नोंदणीला गाड्या लागतात, तालुक्या-तालुक्यात माणसे लागतात, खर्च लागतो. साखर कारखाना, शिक्षणसंस्था किंवा आमदाराचे कार्यालय ज्याच्या घरी आहे त्याच्याकडे हे सारे आधीच असते. शेतकऱ्याच्या किंवा रिक्षाचालकाच्या मुलाला ते शून्यातून उभे करावे लागते. नेमणुकीच्या पद्धतीत नेत्याचा मुलगा वडिलांच्या शब्दावर येतो. निवडणुकीच्या पद्धतीत वडिलांच्या यंत्रणेवर येतो. मतपेटी ठेवली म्हणजे दार सर्वांना सारखे उघडते असे नाही. खर्चाची मर्यादा हवी, नोंदणी उमेदवारांऐवजी पक्षाने करायला हवी आणि ज्याच्या घरात सत्ता नाही त्याला काही आधारही हवा.

दुसरीकडे, घराणे नसलेल्या मुलाला वर यायचे जे जुने रस्ते होते तेही अरुंद झाले आहेत. पहिला रस्ता महाविद्यालयाचा. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला, कॅम्पसमधल्या हिंसेची चर्चा झाली आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर खुल्या निवडणुका जाऊन गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. २०१६ च्या कायद्याने पुन्हा निवडणुकांची तरतूद केली, पण २०१९ मध्ये ठरलेल्या निवडणुका लांबणीवर पडल्या. दुसरा रस्ता स्थानिक स्वराज्य संस्थांचा. मुंबईसह अनेक महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक कारभार पाहत होते. ज्या मुलाने चोविसाव्या वर्षी नगरसेवक व्हायची तयारी केली होती, तो निवडणुकीची वाट पाहता पाहता सत्तावीस वर्षांचा झाला. संघटनेत पद होते, पण लोकांसमोर जाऊन मत मागायची संधी नव्हती. मग फलकावरचा फोटो हेच काम होऊन बसते.

मुलींच्या बाबतीत चित्र आणखी वेगळे आहे. २०११ पासून महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. म्हणजे तयार झालेल्या तरुण कार्यकर्त्या प्रत्येक पक्षाला हव्या आहेत. २०१२ मध्ये राष्ट्रवादीने सुप्रिया सुळे यांच्या पुढाकाराने युवती काँग्रेस काढली, ती या गरजेची दखलच होती. पण रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या बैठका, मोटारसायकलच्या फेऱ्या, नाक्यावरचा वावर हीच जिथे कामाची रीत आहे, तिथे मुलगी टिकणार कशी? आघाडीने आपली रीत बदलली नाही, तर राखीव जागा ऐनवेळी घरातल्याच कोणाला तरी देऊन भरली जाते.

आता त्या तिसऱ्या कामाकडे वळू. पक्षात बोलायला जागा मिळाली नाही तर तरुण काय करतात? ते बाहेर पडून बोलतात. रिपब्लिकन पक्षाच्या गटबाजीला कंटाळलेल्या तरुणांनी १९७२ मध्ये दलित पँथर काढली. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार ही मंडळी तेव्हा ऐन तारुण्यात होती. अत्याचाराचा प्रश्न त्यांनी ज्या भाषेत मांडला, ती भाषा प्रस्थापित नेत्यांजवळ नव्हती. डॉ. कुमार सप्तर्षींची युवक क्रांती दल ही संघटना आणि जयप्रकाशांची छात्र युवा संघर्ष वाहिनी याही पक्षांच्या बाहेरच वाढल्या. समाजाला त्यांचा लाभ झाला. पक्षांनी मात्र ही माणसे आणि ती धग गमावली.

आत राहूनही विरोध करता येतो का? जर्मनीतले एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. तिथल्या सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या युवक संघटनेला 'यूसोस' म्हणतात. २०१८ मध्ये पक्षनेतृत्वाने अँगेला मर्केल यांच्याबरोबर पुन्हा सरकारात जायचे ठरवले. यूसोसचे अध्यक्ष केव्हिन क्यूनर्ट तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. त्यांनी देशभर फिरून या निर्णयाविरुद्ध उघड प्रचार केला. प्रश्न पक्षाच्या सर्व सदस्यांच्या मतदानाला गेला आणि सुमारे दोन तृतीयांश मतांनी नेतृत्वाची बाजू जिंकली. युवक हरले. पण त्यांना कोणी हाकलले नाही; उलट २०२१ मध्ये क्यूनर्ट पक्षाचे सरचिटणीस झाले. विरोध ऐकून घेतल्याने पक्ष फुटला नाही आणि एक नेता तयार झाला. आपल्याकडे युवक आघाडीच्या अध्यक्षाने पक्षाच्या युतीविरुद्ध अशा सभा घेतल्या, तर दुसऱ्या दिवशी त्याचे पद राहील का, याचे उत्तर वाचकांनीच द्यावे.

याची किंमत शेवटी आपण सगळेच मोजतो. २०२४ मध्ये निवडून आलेल्या लोकसभेचे सरासरी वय छप्पन वर्षे होते आणि चाळिशीपर्यंतचे खासदार शंभरात जेमतेम अकरा. काँग्रेसने २०२२ च्या उदयपूर शिबिरात निम्मी पदे पन्नाशीच्या आतल्यांना देण्याचे ठरवले, तेव्हा ती मोठी बातमी झाली. पन्नाशीचा माणूस राजकारणात तरुण ठरतो आणि पस्तिशीचा तरुण युवक आघाडीतून निवृत्त होतो. मधली पंधरा वर्षे त्याने काय करायचे?

तेव्हा तुमचा मुलगा, भाची किंवा शेजारचा पोरगा एखाद्या आघाडीत पद घेतो असे म्हणाला, तर त्याला अडवू नका. राजकारणात चांगली मुले गेलीच पाहिजेत. फक्त त्याला चार गोष्टी विचारायला सांगा. इथला अध्यक्ष कोण ठरवतो? तालुक्याचा उमेदवार निवडायच्या बैठकीत आघाडीचा माणूस बसतो का? पक्षाच्या निर्णयाविरुद्ध ठराव मांडला तर तो नोंदवला जातो का? आणि पस्तिशीनंतर इथून माणसे कुठे गेली? या चारही प्रश्नांची उत्तरे देणारी आघाडी असेल, तर तिथे त्याची उमेदीची वर्षे कारणी लागतील. उत्तरांऐवजी हातात नुसता झेंडा आणि मोटारसायकलला पेट्रोल मिळाले, तर आपल्याला कशासाठी बोलावले आहे हे त्याने तिथेच ओळखावे.